एकाच राणीच्या दोन गोष्टी: चिनी मालिका बघताना तुम्हाला घरातलं कोण आठवलं? (अनुभव धागा)

रानजाई

‘रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस’ परवा संपवली. ८७ भाग, दीड महिना लागला. त्याआधी ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’चे ७० भाग झाले होते. दोन्ही २०१८च्या. दोन्हींत तोच चियानलोंग बादशहा, तोच अठराव्या शतकातला बीजिंगचा राजवाडा, त्याच राण्या. पण यान्शीत जी वेई घराण्यातली दासी आपली लाडकी यिंगलुओ, तीच रुयीमध्ये वेई यानवान होऊन सगळ्यांच्या मुळावर उठते. आणि यान्शीत जी नारा राणी हळूहळू विषारी होत जाते, तीच इकडे रुयी. तिच्यासाठी मी शेवटचे चार भाग डोळ्याला पदर लावून पाहिले.

बादशहा मात्र दोन्हीकडे बादशहाच.

खऱ्या नारा राणीने १७६५च्या दक्षिण दौऱ्यात स्वतःचे केस कापले होते. मांचू लोकांत, म्हणजे बादशहाच्या जमातीत, बाईने केस कापायचे ते बादशहा नाहीतर राजमाता गेल्यावर. म्हणजे जिवंत नवऱ्याचं सुतक धरल्यासारखं झालं. तिला दौऱ्यातूनच परत पाठवलं, पुढच्या वर्षी ती गेली. स्वतःचं थडगंसुद्धा मिळालं नाही, दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात जागा दिली. तिने का कापले हे तिच्या तोंडून कुठेच आलेलं नाही. म्हणून तर दोन मालिकांना दोन वेगळ्या बायका सापडल्या.

आता माझं. माझ्या आईच्या वडिलांना दोन बायका. मोठीला तीन मुलीच झाल्या म्हणून १९४१ साली दुसरी केली. माझी आई मोठीची शेंडेफळ. आमच्यात धाकटीचं नाव कोणी घेत नसे, नुसतं ‘ती’. तिने करणी केली, तिने मोठीच्या पाटल्या लाटल्या, तिने आजोबांचे कान भरले. मी हे ऐकतच मोठी झाले.

बऱ्याच वर्षांनी सांगलीला एका लग्नात माझ्या शेजारी पंगतीत एक बाई बसली. बोलता बोलता कळलं, ती धाकटीची नात. तिच्या घरी सांगत आलेले की मोठी फार खाष्ट, धाकटीला ओल्या बाळंतपणात परसातल्या पडवीत घोंगडीवर निजवलं होतं. मी वाढलेली जिलबी तशीच ठेवली. मग ती म्हणाली, “पण तो कोनाडा माहितीये ना?” दोन बायकांच्या दोन चुली, मधे मातीची भिंत, आणि भिंतीत एका विटेएवढं आरपार भोक. त्यातून मोठी रोज सकाळी ताकाचा तांब्या पलीकडे सरकवायची. धाकटी रिकामा तांब्या घासून, वर कधी मूठभर शेंगा ठेवून परत द्यायची. माझ्या आईला हे ठाऊक नव्हतं.

आजोबांना दोन्ही घरांत कोणी वाईट म्हणालेलं मी ऐकलं नाही.

तुम्हालाही मालिका बघताना कोणी आठवलं का? लिहा.

निळीशाई

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

सांजवात

मी उलट्या क्रमाने पाहिल्या गं, आधी रुयी. त्यामुळे यान्शीमध्ये यिंगलुओ आली की मला संताप यायचा. दहा भाग झाले तरी वाटत होतं, ही आता काहीतरी डाव टाकणार. मुलगी म्हणाली आई ही चांगली आहे. मी म्हटलं थांब, कळेल. कळलं ते भलतंच, शेवटी तिच्याच बाजूने बसले.

चाफेकळी

कुठे बघता? मला यूट्यूबवर अर्धेच भाग दिसतात.

सांजवात

@चाफेकळी तिथेच, पण ज्यांनी मालिका काढली त्यांच्या स्वतःच्या चॅनेलवर बघ. सबटायटल इंग्रजी आहेत. हिंदी डब मी टाळते, आवाज पटत नाहीत.

उंबरठा

‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ कोणी पाहिली? २०११ची, ७६ भाग. त्यातली हुआ राणी. सगळे तिला दुष्ट म्हणतात, आहेच ती. पण तिच्या महालात बादशहाने खास तिच्यासाठी बनवलेला धूप जळत असतो, आणि ती मिरवते की हा मान दुसऱ्या कुणाला नाही. त्या धुपात कस्तुरी असते. तिला मूल होऊ नये म्हणून. तिचा भाऊ मोठा सेनापती, त्या घराण्याचा नातू गादीजवळ नको. हे तिला शेवटी कळतं आणि ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते.

मी तो भाग बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसले होते.

आमची साडेचार वर्षं दवाखान्यात गेली. इंजेक्शनं मला, उपास मला, सोळा सोमवार मला. सासरच्या बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण डोहाळजेवणाची बोलावणी यायची बंद झाली. पाचव्या वर्षी एका नवीन डॉक्टरबाईंनी विचारलं, यांची तपासणी कधी केली? केलीच नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. दोष त्यांच्यात निघाला. नवरा चांगला आहे, ढसाढसा रडला, नंतर आम्ही मुलगी दत्तक घेतली, आता नववीत आहे. पण ती साडेचार वर्षं मी त्या धुपातच बसले होते असं वाटतं.

पहिल्यांदाच कुठे लिहितेय हे.

रानजाई

@उंबरठा जवळ असतीस तर नुसती येऊन बसले असते.

कोरांटी

उंबरठा, घट्ट मिठी. लेकीला आशीर्वाद.

निळीशाई

वाचून भात करपला माझा. उंबरठा, तू लिहिलंस ते बरं केलंस. आमच्या चाळीत अशा किती जणींना ‘वांझ’ म्हणून हळदीकुंकवाला टाळलं, आणि तपासणी कुणाचीच झाली नव्हती.

बखरवाला

इतिहासाची आवड म्हणून थोडं लिहितो. या छिंगकाळातल्या, म्हणजे मांचू राजवटीतल्या, राण्या बहुतेक मांचू ‘ध्वजां’तल्या (लष्करी गटांतल्या) घराण्यांच्या. पाय बांधायची चाल हान चिनी बायकांत होती, मांचूंना ती मना होती. त्यामुळे या राण्या लाकडी उंच टाचेवर चालतात, टाच तळव्याच्या मधोमध. एका कानात तीन कुडी ही मांचू रीत, यान्शीत ती नेमकी दाखवलीय. ध्वजातल्या मुली साधारण १३ ते १७ वयात दर तीन वर्षांनी निवडीसाठी हजर करायच्या. हजेरी लावल्याशिवाय आईबापांना त्यांचं दुसरीकडे लग्न ठरवता येत नसे.

दुसरं, चियानलोंगची पहिली पट्टराणी फुचा दागिने टाळून साधी रेशमी फुलं केसात घालायची हे इतिहासातही नोंदलेलं आहे. यान्शीतली तिची ती फुलं नानजिंगकडची जुनी कारागिरी आहे, तांब्याच्या बारीक तारेवर रेशीम गुंफून करतात.

चाफेकळी

१३ वर्षांची मुलगी हजर करायची. माझी सातवीत आहे, तेरा पूर्ण.

सोनसळी

त्या फुलांसाठी थँक्यू बखरवाला! मी लोकरीची फुलं करते, तशी रेशमाची करून बघितली. तीन दिवसांत एक पाकळी धड झाली. तार कुठली वापरायची कुणाला माहीत आहे का?

कोरांटी

@सोनसळी वेणीवाल्यांकडे बारीक तार मिळते बघ. दादर फुलबाजारात विचार.

कडूलिंब

मला एक बोलायचंय, वाईट वाटून घेऊ नका. या राजवाड्याच्या मालिकांचा मला कंटाळा येतो. बायकांनी बायकांच्या पेयात काय काय कालवायचं, त्यावर ८० भाग. चीनमध्येही २०१९च्या जानेवारीत बीजिंगच्या एका सरकारी दैनिकाने या मालिकांवर टीका केली, मग वाहिन्यांनी यान्शीचं पुनःप्रसारण थांबवलं. तक्रार कशाची, तर चैन आणि कारस्थानं दाखवतात याची. २०१४ अखेर वू झतियानच्या मालिकेचंही तसंच. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने बादशहा झालेली ती एकटी बाई. मालिका थांबवली आणि परत आली तेव्हा बायकांचे खोल गळे दिसू नयेत म्हणून सगळीकडे नुसते चेहरे कापून ठेवलेले. गादी बळकावलेली चालली, गळा दिसलेला चालला नाही.

मी ‘अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर’ बघा म्हणेन. २०२२ची, छिंगच्या कित्येक शतकं आधीच्या सोंगकाळातली, फक्त ४० भाग. नायिकेचा चहाचा धंदा असतो. ज्याला तिने शिकवलं-पोसलं तो परीक्षा पास होतो आणि मोठ्या घरची मुलगी बघतो. ती जाब विचारायला राजधानीत जाते आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर दुकान थाटते. एक पिपा नावाचं तंतुवाद्य वाजवणारी, एक पदार्थ करणारी. तिघी भांडतात तेसुद्धा हिशोबावरून.

आमचं पोळीभाजी केंद्र असंच तिघींनी सुरू केलं, २००९ साली. एकीला नवऱ्याने टाकलेली, एकीचा नवरा गेलेला, मी अशीच. पहिल्या महिन्यात गॅस सिलिंडरला पैसे नव्हते तर एकीने मंगळसूत्राची वाटी मोडली. आम्ही तिघींनी मिळून ही मालिका पाहिली, दुकान बंद झाल्यावर, पिठाच्या डब्याला फोन टेकवून. पोळ्या लाटणारी आमची ताई म्हणाली, “हिच्या दुकानात भाडं किती आहे ते सांगत का नाहीत?”

सांजवात

ताईंना माझा नमस्कार सांगा. खरंच का सांगत नाहीत!

खातेवही

मी बँकेतून निवृत्त. ‘स्टोरी ऑफ मिंगलान’मधले हिशोबाचे प्रसंग मी मागे-पुढे करून पाहिले. लग्नानंतर तिच्या हातात नवऱ्याच्या घरच्या वह्या येतात आणि ती एकेक नोकराला बोलावून नावं, कामं, पगार लिहून काढते. कोण कुणाच्या मर्जीतला हे तिला त्यातूनच कळतं. आमच्या शाखेत नवीन मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात हेच करायचा.

मिंगलान उपपत्नीची मुलगी. घरात हुशारी दाखवली तर दुसऱ्या बहिणींच्या डोळ्यावर येईल म्हणून आजी तिला शिकवते की गप्प बस, बघत राहा. ती आजीही रक्ताची नाही, नात्याने आजी. पण मालिकेतलं सगळ्यात खरं प्रेम तिचंच.

मला ते ‘हुशारी लपव’ फार लागलं. मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले तेव्हा मोठ्या भावाचा निकाल वाईट लागला होता. आईने पेढे आणले नाहीत. रात्री सगळे निजल्यावर साखरेची चिमूट माझ्या तोंडात घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. आई जाऊन बावीस वर्षं झाली. चिमटीतले साखरेचे दाणे अजून जिभेवर आहेत.

कोरांटी

खातेवही काकू, पेढे मी पाठवते. पत्ता द्या. खरंच.

निळीशाई

रच्याकने (बाय द वे), त्या राण्या सारख्या कसलं सूप पितात? प्रत्येक भागात एक वाटी येते, कुणीतरी म्हणतं ‘गरम आहे तोवर घ्या’, आणि आपल्या पोटात गोळा येतो.

सोनसळी

@निळीशाई पाकोळीच्या घरट्याचं असतं बऱ्याचदा. नाहीतर कमळाच्या बियांचं.

निळीशाई

घरट्याचं! राहू दे, आमचं मुगाचं कढण बरं.

पाणवठा

मी पुरुष आहे, चालेल ना धाग्यावर? आईच्या मांडीचं हाड मोडलंय, दोन महिने पलंगावर आहे. तिला इंग्रजी येत नाही. मी संध्याकाळी घरी आलो की शेजारी बसून यान्शीची सबटायटलं मराठीत वाचून सांगतो. आता मला त्यांचे आवाजसुद्धा काढता येतात, बादशहाचा आणि फुचा राणीचा.

आईचा प्रश्न प्रत्येक राणीला एकच. “हिचं माहेर कुठलं? हिला माहेरी जायला मिळतं का?” मी सांगतो, नाही गं, आत गेली की गेली. आई म्हणते, “मग कशाला ते सोनं.” आई सतराव्या वर्षी कोकणातून मुंबईला आली आणि पहिल्यांदा माहेरी गेली ती चार वर्षांनी. हे मला ४६ वर्षांत पहिल्यांदा कळलं, या मालिकेमुळे.

आता अडचण अशी. पुढे फुचाचं बाळ जातं आणि ती वरून उडी घेते तो भाग येणार. माझ्या आधी आईचा एक मुलगा सहा महिन्यांचा असताना गेला. ती कधी बोलत नाही त्याच्याबद्दल. दाखवू का? की गाळून पुढे जाऊ?

उंबरठा

रात्री नका दाखवू. दुपारी, उजेडात. आणि तुम्ही घरी असताना.

खातेवही

गाळू नका. आधी सांगा तिला काय होणार आहे ते, आणि ठरवू दे तिचं तिला.

बखरवाला

खरी फुचा १७४८ साली प्रवासात आजारपणाने गेली, मूल गेल्यानंतर काही महिन्यांतच. उडी मालिकेची. सांगायचं तर हेही सांगता येईल.

रानजाई

@पाणवठा खातेवहींसारखंच म्हणेन.

मी काल आईला फोन केला. कोनाड्याचं विचारलं. आधी म्हणाली, “असेल कुठलातरी, मातीच्या घरात भोकं असतातच.” ठेवला फोन. अर्ध्या तासाने तिचाच आला. म्हणाली, लहानपणी आमच्या ओट्याशेजारी भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली होती, तिला हात लावला की मोठी ओरडायची. आणि मग म्हणाली, “द्वारका नाव होतं तिचं.” ऐंशी ओलांडलेली आहे माझी आई. तिच्या तोंडून मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

कडूलिंब

द्वारका. वाचून अंगावर काटा आला.

पाणवठा

आज रजा होती. दुपारी आईला आधी सांगितलं. म्हणाली, लाव. पूर्ण भाग पाहिला, मी वाचत होतो, मधे माझाच आवाज गेला. संपल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, “एकटी कशी सोडली तिला? कुणीतरी हात धरून बसायला हवं होतं. माझी सासू बसली होती.”

चहा टाकलाय. पुढचा भाग लाव म्हणतेय.