अँड्रॉइड १४ चं अपडेट आलंय, धंद्याचा फोन एकच आहे. करावं का थांबावं?

सेलूचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात गावातच माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. फोन एकच. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. घेतला तेव्हा अँड्रॉइड १२ होतं, नंतर १३ झालं, आणि आता १४ चं आलंय. साईज २ जीबीच्या वर दाखवायलंय. सकाळी शटर उघडलं की वर तीच सूचना. 'नंतर' दाबतो, संध्याकाळी परत हजर.

भीती कशाची ते सांगतो. चुलत्याच्या फोनला उन्हाळ्यात असंच मोठं अपडेट आलं आणि त्यांनी दाबलं. तेव्हापासून कॉल आला की बोट सरकवून सरकवून रिंग संपते, पण कॉल काही उचलला जात नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, फोन जुना झालाय, नवा घ्या. जेमतेम तीन वर्षांचा फोन!

माझा तर सगळा कारभार फोनवर आहे. उधारीची वही ॲपमध्ये, गिऱ्हाईकाचे पैसे यूपीआयवर, डीलरकडच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. ऑगस्टात ई-पीक पाहणी सुरू झाली की आसपासचे शेतकरी माझाच फोन घेऊन बांधावर फोटो काढायला जातात, कारण त्यांच्या फोनवर लोकेशन नीट येत नाही. ऐन हंगामात फोन अडला तर माझ्या एकट्याचं काम अडणार नाही.

उलट भाचा म्हणतो, मामा, अपडेट नाही केलं तर खात्यातले पैसे जातील. कुणाचं धरावं? आणि केल्यावर पटलं नाही तर मागं येता येतं का?

परभणी_मोबाईल_दुरुस्ती

दादा, परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. हा प्रश्न काउंटरवर कायम येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवर अपडेटची सूचना येते त्यात दोन वेगवेगळी कामं असतात. एक सुरक्षा पॅच. तो लहान असतो, बहुतेक वेळा काहीशे एमबीचा. दिसण्यात फारसं काही बदलत नाही, आत सापडलेली भोकं बुजवली जातात. दुसरं म्हणजे आख्खी आवृत्ती बदलणं, तुमचं १३ वरून १४ होणं. फोन जड होणं, मेनू बदलणं, बॅटरी लवकर उतरणं या तक्रारी बहुतेक दुसऱ्या प्रकारातल्या. पण माणूस एकदा पोळला की दोन्ही बंद ठेवतो. माझं सगळं म्हणणं इथं आहे. मोठ्या अपडेटला थांबा, विचार करा, हरकत नाही. पॅचला थांबू नका.

पॅच एवढा का महत्त्वाचा, तर २०१५ साली अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचं भोक सापडलं होतं. व्हिडिओ चालवणाऱ्या भागात दोष होता, नुसता एमएमएस येऊन पडला तरी फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता, उघडायचीही गरज नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षेचं पत्रक काढायला लागलं. कंपनी त्यातल्या दुरुस्त्या आपल्या मॉडेलला बसवते आणि मग त्या तुमच्यापर्यंत येतात. महागड्या फोनला महिन्याला, स्वस्तातल्या फोनला दोन-तीन महिन्यांतून एकदा.

माझ्याकडे फोन आला की मी आधी ती तारीख बघतो. सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोनबद्दल', तिथं अँड्रॉइड व्हर्जनवर दाबलं की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. एका फोनवर दीड वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याच फोनवर तीन बँकांचे ॲप आणि मुलीच्या लग्नासाठी मोडलेल्या एफडीचे पैसे. मालकाला कुणीतरी सांगितलं होतं, अपडेट केलं की फोन जातो. एवढ्या भरवशानं चुकीचा सल्ला फिरतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. अपडेट नसलं की पैसे आपोआप जात नाहीत. आपल्याकडे जातात ते बहुतेक व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलमुळं, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप चढवणाऱ्या फाइलमुळं. 'पीएम किसान', 'आरटीओ चलान' अशा नावानं गावच्या ग्रुपमध्ये फाइल येते, माणूस चढवतो, ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी पलीकडे जातो. यात नवीन आवृत्तीचा उपयोग होतो. अँड्रॉइड १३ पासून असं बाहेरून चढवलेलं ॲप ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीनं बटणं दाबायची) परवानगी मागायला लागलं तर फोन ती सरळ देत नाही, 'प्रतिबंधित सेटिंग' म्हणून अडवतो. पक्का बंदोबस्त नव्हे, पण अडसर आहे. तुमच्याकडे १३ आहे म्हणजे तो आहे. चुलत्यांकडे काय आहे ते बघा. आणि असं कुणासोबत झालंच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा.

आता मागं येण्याचं. नाही येता येत, असंच धरून चाला. बऱ्याच फोनमध्ये जुनी आवृत्ती चढूच नये अशी सोय कंपनीनं केलेली असते, कारण जुन्यात जुनी भोकंही परत येतात. जिथं जमतं तिथं बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आणि कंपनीनं कुलूपबंद ठेवलेला भाग, उघडावा लागतो, सगळा डेटा पुसला जातो, आणि बूटलोडर उघडा दिसला की बँकांचे कितीतरी ॲप चालायला नकार देतात. धंद्याच्या फोनवर हे करू नका, कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तरी.

थांबायलाही मर्यादा आहे, हे लोकांना कुणी सांगत नाही. तुमच्या मॉडेलला १४ आलं की कंपनी पुढचे पॅच बहुतेक १४ वरच देते. १३ वर बसून राहिलात तर काही महिन्यांनी पॅचही आटतात. म्हणून मोठं अपडेट टाळायचं नाही, वेळ बघून करायचं.

आधी जागा बघा. ६४ पैकी किती मोकळी आहे?

लातूर_बीटेक

परभणीच्या काकांचं बाकी पटलं, पण कंपन्यांना इतकं सोडून देऊ नका. जुना फोन अपडेटनं हळू होतो हा लोकांचा नुसता भ्रम नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं स्वतः कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं म्हणाले, पण वापरणाऱ्याला आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोकला. मुद्दा हाच होता की नव्या मॉडेलसाठी बनवलेलं अपडेट जुन्या फोनवाल्यांना घ्यायला लावलं, त्यानं फोन मंद पडेल हे सांगितलं नाही, आणि परत पहिल्यासारखा करायची सोय दिली नाही. सेलूच्या दादांनी विचारलंय तेच.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षं अपडेट दिले पाहिजेत. आपल्याकडेही असं काही झालं पाहिजे, कारण इथं दहा-बारा हजारांचा फोन घेणारा माणूसच तो सगळ्यात जास्त वर्षं वापरतो. २०२३ चा गूगलचा पिक्सेल ८ आणि २०२४ चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ यांना ७ वर्षं अपडेटचं वचन मिळालं. किंमत बघा त्यांची!

परभणी_मोबाईल_दुरुस्ती

बरोबर आहे, आणि इटलीचं उदाहरण चांगलं दिलंत. न सांगता केलं ती चूकच. पण त्या आयफोनच्या प्रकरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बॅटरी बदलली की त्या फोनचा वेग परत यायचा. अँड्रॉइडमध्ये कारण तेच असेल असं नाही, पण 'अपडेटनंतर बिघडला' म्हणून जे फोन माझ्याकडे येतात त्यात सॉफ्टवेअरपेक्षा थकलेली बॅटरी आणि भरलेलं स्टोरेज जास्त सापडतं. अपडेटनं जादा वजन टाकलं, आधीच वाकलेलं होतं ते दिसलं.

अपडेटनंतर काही फोनच्या स्क्रीनवर हिरवी-गुलाबी उभी रेघ येते, ती तक्रार मात्र वेगळी. ती डिस्प्लेची खराबी आहे, फोन रिसेट करून किंवा सॉफ्टवेअर परत टाकून जात नाही. अशा वेळी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. बिल जपून ठेवत जा, एवढंच सांगतो.

हिंगोली_अंगणवाडीताई

तुमच्याकडे अपडेट येतं तरी, भाऊ. आमच्यासारख्यांचं उलट आहे. २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते ते आठवत असेल. २ जीबी रॅमचा फोन, त्यावर पोषण ट्रॅकर. बाळाचं वजन भरायचं, गोल फिरत राहायचं, आणि बाहेर आया मुलांना घेऊन उभ्या. फोन तोच राहतो आणि ॲप मात्र दर काही महिन्यांनी जड होतं. ॲप म्हणतं नवीन व्हर्जन घ्या, फोन म्हणतो जागा नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्न नुसता अपडेट करावं का नाही एवढा नाही. फोन घेतानाच दुकानदाराला विचारलं पाहिजे, याला किती वर्षं अपडेट मिळतील. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही.

परभणी_मोबाईल_दुरुस्ती

ताई, अगदी खरं. विचारा, आणि नुसत्या आवृत्त्या किती असं नका विचारू, सुरक्षा पॅच किती वर्षं तेही विचारा. दोन्हींचे आकडे वेगळे असतात. आणि ती वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. दिवाळीच्या ऑफरमध्ये मिळालेला दोन वर्षं जुना मॉडेल स्वस्त का असतो, ते यात येतं.

सेलूचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. बघितलं. माझ्याकडे ५ जीबी मोकळी आहे. सुरक्षा तारीख चार महिन्यांपूर्वीची. चुलत्याचा फोन आज दुकानात मागवून घेतला, ३२ जीबीचा आहे आणि ३०० एमबी शिल्लक! अँड्रॉइड ११. व्हॉट्सॲपमध्येच १४ जीबी, सगळे कीर्तनाचे आणि सुप्रभातचे व्हिडिओ.

आमच्याकडे रात्री लाईट जाते. अपडेट चालू असताना गेली तर फोन मरतो का? आणि माझा दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे.

परभणी_मोबाईल_दुरुस्ती

चुलत्याचं निदान मग तिथंच झालं. स्वस्त फोनमधलं स्टोरेज गच्च भरलं की लिहायला-वाचायला फार मंद होतं, कॉलचा स्क्रीनसुद्धा उशिरा येतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', तिथं स्टोरेज व्यवस्थापनात मोठ्या फाइली वर दिसतात. कीर्तनं मेमरी कार्डवर घ्या, म्हणजे म्हातारं माणूस नाराज होणार नाही, बाकीचं पुसा. ६-७ जीबी मोकळी झाली की फोन बंद करून चालू करा. नवा फोन घ्यायच्या आधी एवढं करून बघाच. तरी नाही सुधारला तर बॅटरी तपासायला माझ्याकडे किंवा कुणाकडेही न्या.

लाईटचं. फोनची बॅटरी ७०-८० टक्के असेल तर लाईट गेल्यानं काही होत नाही. धोका थकलेल्या बॅटरीला असतो, जी ४० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते. तुमचा फोन असं करतो का? करत असेल तर आधी बॅटरी बदला. शिवाय बऱ्याच फोनमध्ये आता अपडेट एका वेगळ्या जागी लिहिलं जातं, तोवर तुम्ही फोन वापरू शकता, आणि शेवटी फक्त रीस्टार्ट होतो. नवीन बाजू चालू झाली नाही तर फोन जुन्या बाजूवर परत येतो. ही सोय अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, पण सगळ्या कंपन्यांनी लगेच घेतली नाही. सूचनेच्या पट्टीत 'इन्स्टॉल होत आहे' दिसतंय आणि फोन हाताळता येतोय, तर तुमचा त्यातला. आधीच बंद होऊन काळ्या स्क्रीनवर टक्के मोजत बसला तर जुन्या पद्धतीचा. मग पूर्ण होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

दीड जीबीच्या पॅकवर हे उरकणार नाही. तालुक्याला जाल तेव्हा कुणाच्या तरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, इन्स्टॉल घरी करा.

तारीख मात्र मी बदलेन. आत्ता खताची विक्री चालू आहे आणि पुढं ई-पीक पाहणी. पाहणीची मुदत संपेपर्यंत १४ चढवू नका. तोवर त्याच मॉडेलवाल्या लोकांच्या तक्रारी काय येतात तेही कळेल, पहिल्या महिन्यातल्या चुका कंपनी बहुतेक पुढच्या पॅचमध्ये सुधारते. या मधल्या काळात सुरक्षेच्या मेनूत 'गूगल प्ले सिस्टम अपडेट' म्हणून वेगळी ओळ आहे, ती घ्या. छोटी असते, आवृत्ती बदलत नाही, अँड्रॉइड १० पासून मिळते. पण पूर्ण पॅचची जागा ती घेत नाही, म्हणून दसऱ्याच्या पुढं ढकलू नका.

करायच्या आदल्या दिवशी उधारीच्या ॲपचा बॅकअप झालाय का ते दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघा. नुसता हिरवा टिक बघून नाही. यूपीआयला साध्या अपडेटनं धक्का लागत नाही, पण फोन रिसेट करायची पाळी आली तर त्याच सिमवरून मेसेज जाऊन परत नोंदणी होते, म्हणून सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो, तिथंही जागा बघा. आणि अपडेटनंतर दोन दिवस फोन थोडा गरम राहील, चार्जिंग लवकर उतरेल. आत सगळे ॲप नव्याने बसवून घेण्याचं काम चालू असतं. त्या दोन दिवसांत घाबरून रिसेट मारू नका. आठवड्यानंतरही तसंच असेल तर इथं मॉडेल नंबर टाका, बघू.

सेलूचा_दुकानदार

ठरलं. पाहणी संपल्यावर करतो. चुलत्याचे ९ जीबी रिकामे केले, आत्ता मी लावलेला कॉल पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. बॅटरी पण बघून घेतो, माझी ३५ ला आली की झपकन उतरते, त्याकडं लक्षच नव्हतं. रविवारी परभणीला येतोय, तुमचं दुकान उघडं असतं का?

परभणी_मोबाईल_दुरुस्ती

दोनपर्यंत असतं. येताना मॉडेल नंबर आधी कळवा, बॅटरी मागवून ठेवतो.