मदत हवी आहे : प्लांटमध्ये ट्रायमिथाइल अमाइनचं प्रमाण आवरतात कसं?

नमस्कार मंडळी. टीवायबीएस्सीच्या मुलांना अमाइन्स (अमोनियापासून बनणारी सेंद्रिय संयुगं) शिकवतोय. मिथेनॉल आणि अमोनियाची वाफ ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास अॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून नेली की मोनो, डाय आणि ट्राय अशी तिन्ही मिथाइल अमाइन्स एकदम तयार होतात, इथवर ठीक. पण समतोलाचा कल ट्रायकडे, आणि बाजारात मागणी जास्त डायला, कारण डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड, एक द्रावक) त्यापासूनच बनतं. ट्रायचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीखाद्यातलं कोलीन क्लोराइड. (ट्रायच्या ४० टक्के द्रावणाची बाटली उघडली की सडक्या मासळीचा भपकारा येतो, तेवढं मुलांच्या पक्कं लक्षात राहतं!)

आता प्रश्न. जादा ट्राय परत रिअॅक्टरमध्ये फिरवतात, अमोनिया वाढवतात, की मॉर्डेनाइटसारखा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा उत्प्रेरक) वापरतात? पुस्तकात तिन्ही उपाय आहेत, पण चालू प्लांटमध्ये परवडतं कुठलं? शिवाय ट्राय अमोनियाबरोबर अॅझिओट्रोप (साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळं न होणारं मिश्रण) करतो, मग ऊर्ध्वपातनाच्या कॉलमचा क्रम कसा लावतात?

सोलापूरकडच्या अमाइन कारखान्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. गुपितं नकोत, ढोबळ कल्पना पुरे.