कार्बन फ्रेमच्या टॉप ट्यूबला तडा: इपॉक्सी किटने घरी दुरुस्ती करावी का?

घाटवेडा (नाशिक):

माझ्या रोड सायकलच्या कार्बन फ्रेमला, टॉप ट्यूबवर (सीट आणि हँडल यांच्यामधली वरची नळी), हेड ट्यूबपासून (हँडलखालची पुढची उभी नळी) साधारण वीतभर मागे आडवा तडा गेला आहे. वेग फारसा नव्हता. ओल्या वळणावर सायकल घसरली, हँडल गर्रकन फिरले आणि ब्रेक लिव्हरची कड नेमकी त्या जागी आदळली. तड्याची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असून कडेचा रंग उडाला आहे आणि अंगठ्याने दाबल्यास ती जागा किंचित आत जाऊन बारीक करकर आवाज येतो. ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये रेझिन, ते घट्ट करणारा हार्डनर, कार्बनचे कापड आणि हातमोजे असतात. नवी फ्रेम परवडणारी नसल्यामुळे हे काम घरी करता येईल का, आणि घरात असलेल्या पाच मिनिटांत सुकणाऱ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीने ते भागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रेझिनवाला (भोसरी):

दाबल्यावर जागा आत जाते आणि आवाज येतो, याचा अर्थ तडा केवळ रंगाला किंवा क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) नसून आतले धागे तुटले आहेत. इजा दिसते तेवढीच असते असे मात्र समजू नका. नाण्याची कड घेऊन तड्याच्या चहूबाजूंनी हळूहळू टिचक्या मारत जा. शाबूत भागावर टणक, खणखणीत आवाज येईल आणि थर सुटले असतील तिथे तो बद्द होईल. आवाज बदलतो त्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा. दुरुस्तीची हद्द त्या खुणेपासून ठरते, तड्याच्या टोकापासून नाही.

पाच मिनिटांच्या इपॉक्सीचा विचार सोडून द्या. ती कापडात मुरण्याआधीच घट्ट होते आणि उन्हात तापल्यावर लवकर मऊ पडते. मुख्य मुद्दा असा की ट्यूबवरचा ताण धागे पेलतात, रेझिन त्यांना फक्त जागेवर धरून ठेवते. त्यामुळे तड्यात नुसते रेझिन भरले तर फट बुजते, ताकद परत येत नाही. तुटलेल्या धाग्यांवरचा भार नव्या धाग्यांकडे जायला हवा आणि त्यासाठी दोघांमध्ये पुरेशी रुंद चिकट जागा लागते. अशा ट्यूबची भिंत साधारण १ मिलिमीटर जाड असते, हलक्या फ्रेममध्ये त्याहून कमी. खराब झालेला भाग घासून काढावा आणि तिथून बाहेरच्या बाजूला प्रत्येक दिशेने २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत अगदी मंद उतार घडवावा. आधी ८० नंबरचा आणि शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. या घासण्यातच कामाचा निम्म्याहून अधिक वेळ जातो आणि किटसोबतच्या माहितीपत्रकात त्याला जेमतेम एक ओळ दिलेली असते.

पेपर पाण्यात भिजवून घासा, एन-९५ मास्क आणि चष्मा लावा. ही धूळ घशाला त्रास देते, शिवाय ती विद्युतवाहक असल्यामुळे संगणकाच्या किंवा मिक्सरच्या जवळ हे काम करू नये. नंतर जागा पूर्ण वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पांढऱ्या फडक्यावर काळे येणे थांबेपर्यंत पुसत राहा आणि त्यानंतर तिथे उघडे बोट लावू नका.

चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा एक थर हाताने बसवल्यावर पाव मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणून चार ते पाच थर धरा. टॉप ट्यूबला पीळ बसतो, त्यामुळे निदान दोन थर तिरके, ट्यूबच्या लांबीशी ४५ अंशांत कापावेत. सर्वांत लहान तुकडा आधी, मग क्रमाने मोठे. वरून पील प्लाय (रेझिन सुकल्यावर सोलून काढायचे कापड), त्यावर टाचणीने भोके पाडलेले प्लास्टिक आणि शेवटी इलेक्ट्रिकची टेप, चिकट बाजू बाहेर ठेवून, ताणून गुंडाळावी. भोकांतून जास्तीचे रेझिन बाहेर येते आणि थर दाबून बसतात.

दोन ब्रेक (पुणे):

वरील पद्धत योग्य आहे, तरी माझा थोडा वेगळा सूर आहे. घाटवेडा, आपण फ्रेमकडे पाहत आहात, पण ज्या हँडलने तो घाव घातला त्याचे काय? लिव्हरचा क्लॅम्प जिथे आवळलेला असतो तिथे, हँडलवर गुंडाळलेली टेप सोडवून, हँडल नीट तपासा. ते कार्बनचे असेल आणि तिथे चरा किंवा बद्द आवाज आढळला, तर दुरुस्तीचा विचारही न करता ते बदलावे. फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), स्टिअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) आणि सीट पोस्ट (सीटखालची दांडी) यांनाही माझा हाच नियम आहे, कारण हे भाग तुटतात तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. टॉप ट्यूबचा मधला भाग घरगुती दुरुस्तीला त्यातल्या त्यात सोयीचा आहे. परंतु नाण्याच्या आवाजाची हद्द हेड ट्यूबच्या जोडापर्यंत पोहोचत असेल, तर फ्रेम व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी आणि अल्ट्रासाऊंड तपासणी होते का, हे आधी विचारावे.

घाटवेडा (नाशिक):

दोघांचेही आभार. हद्द जोडापासून बरीच दूर आहे आणि हँडल अ‍ॅल्युमिनियमचे आहे. आता अडचण हवामानाची आहे. इथे पावसाळ्यात रेझिन सुकत नाही, तेव्हा हार्डनर थोडा जास्त घालावा, असे मूर्तींचे साचे बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिरांनी सुचवले आहे. ते करावे का?

रेझिनवाला (भोसरी):

त्यांचे म्हणणे त्यांच्या मालापुरते खरे आहे. साच्यांसाठी बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यात हार्डनर थोडा वाढवला की ते लवकर धरते. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो. जादा घातलेला तसाच उरतो आणि सगळे मिश्रण कायमचे मऊ राहते. डब्यावर वजनाने १००:३० लिहिले असेल तर १००:३० च घ्या, डिजिटल काट्यावर, अंदाजाने नाही. आणि त्यांच्याकडचे पॉलिएस्टर या कामाला घेऊ नका. फ्रेममधल्या जुन्या इपॉक्सीवर ते नीट धरत नाही.

दमट हवेत काही हार्डनरमुळे पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येतो. तो घासून जात नाही, उलट आत दाबला जातो; म्हणून आधी साध्या पाण्याने घासणीने धुवा, वाळवा आणि मगच पेपर लावा. शक्य असेल तर बंद खोलीत, हवा कोरडी करून काम करा. २४ तासांनी दुरुस्तीची पट्टी हाताला कडक लागेल, पण सायकल लगेच बाहेर काढू नका. खोलीच्या तापमानाला पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. घट्ट झाल्यावर रेझिनच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तर काही तास ५० ते ६० अंशांवर ठेवल्यास उष्णता सोसण्याची क्षमता वाढते; अन्यथा उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतही पट्टी मऊ पडू शकते. शेवटी अतिनील किरणे अडवणारा क्लिअर कोट मारा, कारण उघडी इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते. पट्टीच्या कडेला पेनाने बारीक रेष आखून ठेवा आणि सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर त्या रेषेवर पुन्हा नाणे वाजवून पाहा. आवाज बद्द झाला, तर ती फ्रेम वापरणे तिथेच थांबवा.