जिद्द आहेच, पण पायाची घडणही बघा

कृत्रिम पायावर नाचणाऱ्या नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांच्याबद्दल एकाने लिहिलंय की जयपूर फूट (त्यांचा रबरी कृत्रिम पाय) चालण्यापुरतंच, नाच हा निव्वळ जिद्दीचा चमत्कार. अर्धंच पटतं. त्या पायात घोट्याशी लाकडाचा ठोकळा, टाच आणि चवड्यात स्पंजासारखं रबर आणि वरून कातडीच्या रंगाचं रबरी कवच असतं. म्हणून पाऊल सगळ्या बाजूंना थोडं वळतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी वापरता येतं. शिवाय १९८१च्या अपघातानंतर त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला गेला. स्वतःचा गुडघा शाबूत असणं नाचात फार मोलाचं.

आपल्या इंदूरच्या हौशी नाटकमंडळींनी कृत्रिम पायाच्या कलाकाराला घेताना चपला तालमीपासूनच ठरवाव्यात. पायाची जुळणी ठरावीक टाचेला धरून केलेली असते. ऐन प्रयोगाला उंच टाच दिली की नडगी पुढे झुकते, गुडघा दुमडू बघतो. (खाष्ट सासूचा सगळा रुबाब तिथेच संपतो!) दिवसभरात खुंट (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) किंचित आटून सॉकेट, म्हणजे खुंट बसतो ती खोबण, सैल पडतं, तेव्हा खुंटावर आणखी एक मोजा चढवायचा. मे महिन्यात मोजे घामाने भिजतात, विंगेत कोरडे जोड हवेतच. आणि सॉकेट काढल्यावर खुंटावरची लाली वीसेक मिनिटांत गेली नाही, तर सॉकेटच दुरुस्त करून घ्यावं.