‘कॅश’ शब्द आपल्या कासूवरून गेला की नाही?

खडेबाजारकर: प्रत्येक शब्द इंग्रजांनीच दिला असं ऐकून कान किटले. ‘कॅश’ घ्या. तमिळ-कन्नडात कासु म्हणजे बारकं नाणं. ‘कासिद्दरे कैलास’, पैसा असेल तर कैलास, ही म्हण ऐकली असेलच. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या तांब्याच्या नाण्यावर कन्नडात ‘मयिली कासु’ आणि इंग्रजीत ‘कॅश’, दोन्ही छापलंय. आणखी काय पुरावा पाहिजे?

शहापूरचा मास्तर: नाण्याचं नाव तिथून गेलं, कबूल. पण बँकेत भरता ती कॅश वेगळी. लॅटिन ‘कॅप्सा’ म्हणजे पेटी. त्यावरून इटालियन ‘कास्सा’, फ्रेंच ‘केस’ आणि पुढे इंग्रजी. 1590 च्या दशकात हा शब्द इंग्लंडात रुळलेला होता, ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 1600 च्या शेवटच्या दिवशी. आधी कॅश म्हणजे पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. आपला गल्ला तसाच की! आपल्या बेळगावच्या रविवार पेठेतला व्यापारी गल्ल्यावर बसतो आणि रात्री ‘आज गल्ला किती झाला’ म्हणून विचारतो. कॅप्सूल आणि कॅसेट ही त्याच पेटीची पोरं.

खडेबाजारकर: कंपनी नव्हती, पण पोर्तुगीज होते की ओ! गोवा त्यांनी 1510 मध्येच घेतला. आणि चीनच्या भोकाच्या नाण्याला इंग्रज कॅश म्हणतात, ते नाव चिनी नाही, आपल्या दक्षिणेतलंच.

शहापूरचा मास्तर: चीनचं नाणं तुमचंच, घ्या. पण कासूत ‘स’ आहे, कॅशमध्ये ‘श’ कुठून आला? पोर्तुगीजांकडे पेटीला ‘काइशा’ हा शब्द आधीपासून होता. कासु कानावर पडला आणि त्यांनी तो ओळखीच्या शब्दात बसवला. म्हणून तर एवढा गोंधळ.

निपाणीकर: तुमचं चालू द्या. आमच्याकडं तंबाखूच्या व्यवहारात ‘कासु कोडी’, म्हणजे पैसे द्या, असं म्हणणारा एक माणूस दाखवा. ‘रोक्क कोड्री’ म्हणतात. म्हणी पाठ असतात, खिशात मात्र रोक्क. हा रोक्क आणि आपली रोख, रोकड एकाच घरातले. कासु तिकडं म्हैसूरकडं.

माजी सुभेदार, कॅम्प: आणखी एक ऐका. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली, म्हणून सांगतो. कोर्ट मार्शलने एखाद्या अधिकाऱ्याला ‘कॅशिअर’ केलं म्हणजे बेअब्रू करून बडतर्फ केलं. इथं ना पेटी, ना नाणं. फ्रेंच ‘कासे’, म्हणजे मोडणे, रद्द करणे, त्यातून तो आला. बँकेतल्या कॅशिअरने घाबरू नये.

खानापूरचा बागायतदार: मग आमच्या काजूलाही ओढा यात! इंग्रजीत कॅश्यूच म्हणतात, पीकही नगदी. पण नाव ब्राझीलच्या तुपी भाषेतलं, आणलं पोर्तुगीजांनी. नुसत्या उच्चारावर नाती लावली की असं होतं.

खडेबाजारकर: काजूचं राहू दे बाबा. वडेयरांच्या नाण्यावर छापलंय ते कसं पुसणार?

शहापूरचा मास्तर: पुसतंय कोण? नाण्यापुरता वाद नाहीच. वाद बँकेच्या काउंटरवरच्या पाटीचा आहे. तिथं इंग्रजीत कॅश लिहिलंय ते युरोपातलं. आणि खाली कन्नडात बघा, कासु नाही, ‘नगदु’ लिहिलेलं असतं. तो तर अरबी ‘नक्द’.