मदत हवी आहे: एकाच दिवसात डॉल्फिन आणि समुद्रकिनारा, आखणी कशी करावी?

सागरगोटा
उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर सुट्टीतला एक अख्खा दिवस यासाठी राखून ठेवला आहे. डॉल्फिन जवळून बघायचे आणि उरलेला वेळ किनाऱ्यावर लोळायचं. मॉरिशस, हवाई आणि बहामा ही तीन नावं चर्चेत आहेत, तिकिटं अजून काढलेली नाहीत. माणसं पाच: दोघांना चांगलं पोहता येतं, एकाला अजिबात नाही, एक सात वर्षांचं मूल आणि एक ६८ वर्षांच्या बाई, त्यांचे गुडघे दुखतात. यातल्या दोघांना बोट लागते.

आधी डॉल्फिन की आधी किनारा? 'डॉल्फिनसोबत पोहा' अशा जाहिरातीत प्रत्यक्षात काय मिळतं? न पोहणाऱ्यांनी नुसतं बसून राहायचं का? आणि हे सगळं एका दिवसात बसतं, की उगाच ओढाताण होते? खर्चाचं आम्ही बघून घेऊ, आखणीचं सांगा.

सुकाणू
बसतं, पण क्रम बदलू नका. डॉल्फिन सकाळी, किनारा नंतर.

पहिलं कारण वारा. पहाटे समुद्र सपाट असतो. जमीन तापली की साडेदहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो, आणि तो १२ नॉटच्या (ताशी साधारण २२ किमी) आसपास पोचला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. मग लांबवर दिसलं ते फेसाचं टोक होतं की पाठीवरचा पर, हे ओळखता येत नाही. बोट आपटायला लागते ते वेगळंच.

दुसरं कारण खुद्द डॉल्फिन. मॉरिशस आणि हवाईत किनाऱ्याजवळ जास्त करून दिसतात ते स्पिनर डॉल्फिन, म्हणजे पाण्याबाहेर उडी मारून स्वतःभोवती गिरक्या घेणारे. त्यांचा दिवस आपल्या उलटा. रात्री खोल समुद्रात शिकार, आणि सकाळी उथळ, वाळूचा तळ असलेल्या उपसागरात विश्रांती. पांढऱ्या वाळूवर शार्क लांबून दिसतो, म्हणून जागा तशी निवडतात. सकाळी लवकर, उपसागरात शिरताना, ते जागे आणि उड्या मारणारे असतात. ऊन चढलं की कळप घट्ट होतो, सगळे एकदम खाली जातात, एकदम वर येतात, उड्या बंद. ती त्यांची झोप. दहा वाजता पोचलेल्या बोटीला 'डॉल्फिन शांत आहेत' असं सांगितलं जातं ते यामुळे.

त्यामुळे साधारण असं धरा: सव्वासहाला धक्क्यावर, साडेसहाला बोट सुटलेली, नऊच्या आत परत. मग नाश्ता आणि अकरापर्यंत पाण्यात. अकरा ते तीन सावलीत, या वेळेत वाळूवर पडून राहणं म्हणजे भाजून घेणं. साडेतीन ते सूर्यास्त हा किनाऱ्याचा खरा वेळ.

बहुतेकांचं गणित चुकतं ते प्रवासाच्या वेळेत. डॉल्फिनचा उपसागर बेटाच्या एका बाजूला आणि मुक्काम दुसऱ्या बाजूला असेल, तर सव्वासहासाठी पाचला निघावं लागतं, लहान मूल आणि ज्येष्ठ दोघंही दुपारपर्यंत गळून जातात. मॉरिशस ठरलं तर आदल्या रात्रीचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, तामारीन किंवा ब्लॅक रिव्हर भागात ठेवा. बेट छोटं आहे म्हणून अंतरं किरकोळ समजू नका, रस्ते गावागावातून जातात.

शिडाची_दोरी
तिन्ही ठिकाणांत फरक आहे, तो आधी समजून घ्या, कारण 'जवळून बघणं' याचा अर्थच बदलतो.

हवाई: २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत, जायला बंदी आहे. मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांपर्यंत ती लागू आहे. बोट, पोहणारा, पॅडलबोर्डवाला, सगळ्यांना. त्यांच्या वाटेत पुढे जाऊन थांबणं, म्हणजे 'ते आपल्याकडे आले' असा देखावा करणं, हेही बंदीतच येतं. तिथे कुणी स्पिनरसोबत पोहायला नेतो म्हणत असेल तर तो नियम मोडतोय.

मॉरिशस: तामारीनच्या उपसागरात स्पिनर आणि बॉटलनोज (बाटलीसारख्या तोंडाचे) असे दोन्ही जातींचे डॉल्फिन येतात. अडचण गर्दीची. एका कळपाभोवती बोटींचा घोळका होतो आणि प्रत्येक बोट माणसांना पाण्यात सोडायच्या घाईत. सर्वात पहिली बोट पकडायची ती त्यासाठीच.

बहामा: बिमिनीजवळ ठिपकेवाले अटलांटिक डॉल्फिन उथळ वाळूच्या पठारावर असतात, पाणी स्वच्छ. हे प्राणी पोहणाऱ्यांत रस घेतात, म्हणून पाण्यातल्या भेटीसाठी तीन ठिकाणांत हे सरस. पण ते किनाऱ्यालगत नाही, उघड्या समुद्रात आहे. बोटीवर अर्धा दिवस सहज जातो. बोट लागणारी दोन माणसं, सात वर्षांचं मूल आणि उरलेल्या वेळात किनारा, हा मेळ तिथे बसत नाही असं माझं मत.

तुमच्या पाच जणांसाठी मॉरिशस, आणि त्यातही बोटीतूनच बघणं.

कोरडीवाळू
'डॉल्फिनसोबत पोहा' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, मोकळ्या समुद्रात बोटीतून उडी. दोन, जाळी लावलेल्या खाडीत किंवा तलावात पाळलेले डॉल्फिन. बुकिंगच्या पानावर 'भेटीची हमी' असं लिहिलेलं असेल तर ती दुसरी.

दुसऱ्या प्रकारात तासाभराच्या कार्यक्रमातला बराच वेळ सूचना, जॅकेट, रांग यात जातो. प्रत्यक्ष पाण्यात वीस-तीस मिनिटं, तीही आठ-दहा जणांच्या गटात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, गळ्यातलं सगळं काढायला लावतात. दोन कारणं: डॉल्फिनची कातडी ओरखड्यांना फार नाजूक असते, आणि पाण्यात पडलेली वस्तू तो गिळू शकतो. स्वतःचा कॅमेरा बहुधा नेऊ देत नाहीत, फोटो त्यांचेच घ्यावे लागतात. गर्भवतींना प्रवेश नसतो, मुलांना वयाची किंवा उंचीची अट असते. सोयीचं एवढंच की न पोहणारा कमरेइतक्या पाण्यात ओट्यावर उभा राहू शकतो.

बाकी या धंद्याला उतरती कळा लागली आहे. भारतानं २०१३ मध्ये डॉल्फिनगृहांना परवानगी नाकारली, मेक्सिकोनं २०२५ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या खेळांवर बंदी आणली. दिवसातून अनेकदा माणसांच्या टोळ्या अंगावर घेणारा प्राणी, यात मुलाला काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवा.

लाटांकित
@कोरडीवाळू, पाळीव डॉल्फिनला विरोध पटतो, पण 'मोकळ्या समुद्रात उडी' हे आपोआप सोज्वळ होत नाही. झोपलेल्या कळपावर रोज सकाळी वीस बोटी आणि शंभर माणसं सोडणं हाही त्रासच, फक्त तिकडे जाळी दिसत नाही. झोप तुटली की रात्रीची शिकार ढासळते, पिल्लांचं दूध कमी पडतं.

मधला मार्ग आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मंकी मिया इथे जंगली बॉटलनोज सकाळी स्वतः किनाऱ्याशी येतात, रेंजरांच्या देखरेखीखाली मोजक्या माद्यांना थोडीच मासळी देतात, आणि लोक पाण्याच्या कडेला उभे राहतात. न पोहणारे, ज्येष्ठ, मुलं सगळ्यांना जमतं. जागा मकरवृत्ताच्या जराशी दक्षिणेला आहे आणि तुमच्या यादीत नाही, पण विचार करा. स्वतःहून खायला घालणं मात्र कुठेही नको. अमेरिकेत तर जंगली डॉल्फिनला खायला घालणं सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. खाण्यासाठी बोटीजवळ यायची सवय लागली की पंख्याचे घाव होतात.

सुकाणू
लाटांकित यांच्याशी सहमत. पाण्यात उतरायचंच असेल तर कळप बघून ठरवा. उड्या मारतायत, बोटीच्या नाकासमोर खेळतायत, दिशा न बदलता चाललेत: ठीक. घट्ट जमलेत आणि संथ आहेत, शेपटी पाण्यावर आपटतायत, वारंवार दिशा बदलतायत, खाली जाऊन बराच वेळ वर येत नाहीत, आई पिल्लाला आपल्या आणि बोटीच्या मध्ये येऊ देत नाही: परत फिरा. बॉटलनोज मोठा प्राणी आहे, जबडा आपटून इशारा देतो आणि चावतोही. हात लावायला जाऊ नये.

बोटवाल्याला बुकिंगआधी विचारायचे प्रश्न, हे महत्त्वाचे:

बोटीत माणसं किती? दहा-बाराच्या वर असतील तर प्रत्येकाला कठडा मिळत नाही. कळपाजवळ कसे जाता? 'बाजूने, समांतर, हळू' हे बरोबर उत्तर. समोरून आडवं किंवा मागून पाठलाग करणारा नको. एका कळपापाशी किती वेळ थांबता? अर्ध्या तासाच्या आत निघतो म्हणणारा बरा. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? वजनाचा पट्टा जॅकेटवर छापलेला असतो. घातल्यावर मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, आणि पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर पाण्यात वर येणारच. आणि चढायचं कुठून? गुडघेदुखीवाल्यांसाठी हा एकच प्रश्न सगळ्यात मोठा.

सागरगोटा
चढायचं कुठून म्हणजे? धक्का नसतो का?

सुकाणू
बऱ्याच ठिकाणी नसतो. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन बोटीच्या कडेवरून पाय टाकून आत यायचं, किंवा मागच्या उभ्या शिडीने. ६८ वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्याला ते जमणार नाही. शिवाय छोटी स्पीडबोट लाटेवर आपटते तेव्हा दणका थेट कमरेत आणि गुडघ्यात बसतो. घ्यायचीच झाली तर त्यांना मागच्या बाकावर, पंख्याच्या बाजूला बसवा, पुढे कधीच नाही.

कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, स्थिर असतो, पायऱ्या असतात, सावली आणि शौचालय असतं. पण तो संथ, आणि बरेचसे नऊच्या पुढे निघतात, म्हणजे डॉल्फिनची चांगली वेळ गेलेली. तुमच्याकडे उपाय आहे: तिघं पहाटेच्या छोट्या बोटीत, बाईंसोबत एक जण किनाऱ्यावर. किंवा धक्क्यावरून निघणारी, छत असलेली, मध्यम आकाराची बोट शोधा. सगळ्यांनी एकाच बोटीत बसायलाच हवं असं नाही.

हिरवीकैरी
बोट लागण्याबद्दल: गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. मेक्लिझिन निघण्याच्या किमान तासभर आधी. ती बारा वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, मुलाचं डॉक्टरांना विचारून ठरवा. गुंगी येते, म्हणून सुट्टीच्या आधी घरी एकदा घेऊन बघा. सकाळी रिकामं पोट वाईट, भरलेलं त्याहून वाईट: एक केळं, दोन टोस्ट, पाणी. बोटीत मध्यभागी, खाली, डिझेलचा धूर येणार नाही अशा बाजूला. नजर क्षितिजावर. मोबाइलच्या पडद्यातून डॉल्फिन शोधत बसलेला माणूस सर्वात आधी आडवा होतो. बोट थांबून डुलत असते तेव्हा त्रास जास्त होतो, चालत्या बोटीत कमी. डॉल्फिन बघायला थांबतात तेव्हाच सांभाळा.

शिडाची_दोरी
दुपारच्या किनाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा. प्रवाळाच्या भिंतीआडच्या उथळ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, ओहोटीला पाणी इतकं उतरतं की पोट प्रवाळावर घासतं, आणि प्रवाळाचे ओरखडे लवकर भरत नाहीत. उलट, भरतीचं पाणी प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून परत जाताना तिथे जोराचा ओढा असतो. स्नॉर्केलिंग पूर्ण भरतीच्या आगेमागे, खिंडीपासून लांब. उघड्या किनाऱ्यावर लाटा फुटतायत आणि मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतोय, तर मुलाला तिथे सोडू नका. शांत दिसतो तोच पट्टा माणसाला आत ओढून नेतो. अडकलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, सरळ किनाऱ्याकडे नाही.

पायात रबरी तळाचे बूट हवेत. समुद्री साळ आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश दोन्ही तळावर असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. बर्फ नको.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर मापाचा. मिशीवाल्यांना तो गळतोच, वरच्या ओठाला सिलिकॉन ग्रीस लावा. काच धुकटते त्याला बेबी शाम्पूचा एक थेंब, चोळून एकदा खंगाळून.

कोरडीवाळू
सनस्क्रीन मोठ्या माणसाला अंगभर लावायला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं, लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, म्हणून झिंक ऑक्साइडवालं न्या. मुलाला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, निम्मी कटकट वाचते. अवांतर: हवाईत पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर बॉक्स जेलीफिश येतात, तारीख ठरवताना पंचांग बघायला हरकत नाही.

सागरगोटा
सगळ्यांचे आभार. मॉरिशस, पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम, धक्क्यावरून निघणारी छताची बोट, पाण्यात कुणी उतरायचं नाही, असं ठरतंय. शेवटचा प्रश्न: वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर?

सुकाणू
म्हणून हा कार्यक्रम सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे पुढे दोन-तीन सकाळी राखीव राहतात. पूर्वेचे वारे जून ते सप्टेंबर जोरात असतात, पश्चिम बाजू त्यापासून आडोशाला आहे, पण लांबून येणारी फुगवटी, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठलेल्या रुंद लाटा, तिकडेही पोचते. अंदाजात वाऱ्यासोबत फुगवटीची उंची बघा, मीटरभराच्या वर असेल तर मुलासाठी पुढची सकाळ घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ, तेव्हा परताव्याच्या अटी लेखी मागा. 'हवामानामुळे रद्द' झाल्यास पैसे परत, आणि 'डॉल्फिन दिसले नाहीत' तर काय, या दोन्ही वेगळ्या अटी असतात.