मदत हवी आहे: दोन वारुळांतले डोंगळे एकाच स्पिशीजचे की वेगळ्या? मोजमापावरून कसं ठरवतात?

कातळफूल

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते पण आता खरंच अडलेय म्हणून धागा काढतेय. एमएस्सी झूलॉजी, शेवटचं वर्ष, रत्नागिरी साइड. प्रोजेक्ट मुंग्यांवर घेतलाय, त्यातही कॅम्पोनोटस म्हणजे आपले डोंगळे. आमच्या गाइड मॅडमचं म्हणणं की नुसते फोटो लावून "हा कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस" असं लिहून चालणार नाही, डोक्याची रुंदी, डोक्याची लांबी, स्केप (अँटेनाचा पहिला लांब दांडा) आणि वेबर्स लेंथ (छातीची तिरकी लांबी) मोजून टेबल दे.

तर मोजलं. एक वारूळ आमच्या घरामागच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बुडाशी आहे आणि दुसरं वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) काजूच्या मुळात. दोन्हीकडचे डोंगळे काळे, साध्या डोळ्याला अगदी सारखे दिसतात. पण सेफॅलिक इंडेक्स काढला (डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले १००) तर गडग्यावाल्यांचा अ‍ॅव्हरेज ७४ येतोय आणि काजूवाल्यांचा ९१! स्केप इंडेक्स (स्केप भागिले डोक्याची रुंदी गुणिले १००) तर त्याहून लांब गेलाय. म्हणजे एकाचं डोकं लांबट नि अँटेना लांब, दुसऱ्याचं डोकं जवळजवळ चौकोनी. एवढा फरक असेल तर दोन स्पिशीज धरायच्या ना? बिंगहॅमचं १९०३ चं पुस्तक पीडीएफमध्ये आहे माझ्याकडे, पण त्यात अख्ख्या मुंगीची लांबी दिलेली असते, डोकं-स्केप असं सुटं सुटं काही मिळत नाही. क्लासमधला एक मित्र म्हणतो आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) मध्ये एलडीए (मापांवरून ठरवलेले गट सुटे करणारी पद्धत) लाव, दोन ग्रुप मस्त सुटे दिसतील. लावू का? आणि दोन स्पिशीज लिहिल्या तर व्हायव्हाला एक्स्टर्नल काय विचारतील?

मायक्रोस्कोप कॉलेजचा साधा डिसेक्टिंग, आयपीसमध्ये पट्टी आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

रापण

अगो, डोंगळे कसले मोजतंस, आमच्या कलमावरचे हुमले मोजूक ये, मगे कळात! 😄

पडवीवाला

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. अवांतर: साखरेच्या डब्यात येतात त्या लाल बारीक मुंग्या कुठल्या, त्यांच्यावर उपाय काय?

लाकूडकिडा

पडवीवाले, डबा घट्ट लावा, हाच उपाय. 🙂

कातळफूल, तुम्ही चारही मापं बरोबर निवडलीत. अख्ख्या मुंगीची लांबी घेतली नाहीत हे उत्तमच, कारण पोट खाऊन फुगतं, स्पिरिटमध्ये त्याचे पट्टे आत-बाहेर सरकतात, त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. डोकं, स्केप, छाती हे कडक कवच, मुंगी कोषातून बाहेर आली की मरेपर्यंत तेवढंच राहतं. आता एलडीए वगैरे बाजूला ठेवा आणि आधी मला एवढंच सांगा की दोन्ही वारुळांतले डोंगळे गोळा कसे केलेत? म्हणजे रांगेतून उचलले, की वारूळ उकरून काढले, दिवसा की रात्री?

कातळफूल

गडग्याचे रांगेतून उचलले, संध्याकाळी शेवग्यावर माव्याकडे जाणारी मोठी रांग असते ती. काजूचे मात्र बाबा आळं करत होते तेव्हा कुदळ लागून वारूळ फुटलं आणि भराभर बाहेर आले तेव्हाचे. एकेक डोकं एवढं मोठं की चिमट्यात धरलं तर चिमट्यालाच चावत होते. याने फरक पडतो का?

लाकूडकिडा

पडतो म्हणजे, सगळा फरक तिथेच आहे बहुतेक.

डोंगळ्यांत कामकरी एका मापाचे नसतात. एकाच राणीच्या पोटचे छोटे (मायनर), मधले आणि मोठ्या डोक्याचे (मेजर) असे सगळे एका वारुळात असतात, आणि मोठा म्हणजे छोट्याची झूम केलेली आवृत्ती नव्हे. अंग वाढतं तसं डोकं त्याहून जास्त वेगाने रुंद होत जातं, जबड्याचे स्नायू बसायला जागा लागते ना, स्केप मात्र जेमतेम वाढतो. मग मायनरचं डोकं लांबट आणि मेजरचं चौकोनी दिसणारच. रांगेत चारा आणायला जास्त करून मायनर आणि मधले येतात, वारूळ फुटलं की राखायला मेजर बाहेर पडतात. म्हणजे तुमच्या ७४ आणि ९१ मध्ये स्पिशीजचा फरक दिसतोय असं नाही, कुठून कोण उचललं त्याचा फरक दिसतोय. या इंडेक्सांवर आंधळा विश्वास ठेवून लोकांनी पूर्वी मेजर आणि मायनरला वेगवेगळी नावं दिलेली आहेत, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

इंडेक्स वाईट नाहीत, पण ते एका मापाच्या कामकऱ्यांत वापरायचे. ज्या मुंग्यांत सगळे कामकरी साधारण सारखे असतात तिथे बिनधास्त वापरा. डोंगळ्यांत, बिग हेडेड म्हणजे फायडोलेत, किंवा आपली ती लाल जळजळीत सोलेनॉप्सिस जेमिनाटा, तिथे अ‍ॅव्हरेज इंडेक्स म्हणजे अख्ख्या शाळेची सरासरी उंची काढून दोन गावांची तुलना करण्यासारखं आहे, एका शाळेत पहिलीची पोरं जास्त असली की संपलं.

मग करायचं काय? आडव्या अक्षावर डोक्याची रुंदी, उभ्यावर स्केपची लांबी, दोन्हीचे लॉग घ्या, प्रत्येक वारुळाला वेगळा रंग. सगळे ठिपके एकाच रेषेवर पडले, नुसते एक रंग डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असला, तर दोन स्पिशीज म्हणायला मापांनी काहीही पुरावा दिलेला नाही. पण एका रंगाची रेषा दुसरीच्या खाली किंवा वर सरकलेली दिसली, म्हणजे *त्याच रुंदीच्या डोक्याला* स्केप आखूड किंवा लांब आहे, तर मात्र कान टवकारायचे. त्यासाठी दोन्ही वारुळांतून छोटे-मधले-मोठे तिन्ही हवेत. काजूच्या बुडाशी रात्री टॉर्च घेऊन जा, झाडावर चढणारे मायनर मिळतील. गडग्याच्या भोकाशी काडी घालून ढवळा, मेजर स्वतःहून भेटायला येतील.

रापणभाऊ, तुमच्या हुमल्यांत ही गंमत अजून टोकाची आहे. इकोफिला स्मॅराग्डिना. त्यांच्यात कामकऱ्यांचे दोन सरळ गट असतात, मोठे बाहेर पानं शिवतात नि शिकार करतात, छोटे बहुतेक घरट्यात पिल्लं सांभाळतात, मधले जवळजवळ नसतातच. नुसते आकडे बघणारा म्हणेल की एका घरट्यात दोन स्पिशीज आहेत! आणि आशियात या जीनसची सगळीकडे आढळणारी स्पिशीज ही, दुसरी आफ्रिकेत.

रापण

म्हणजे आमका चावतत ते सगळे मोठेच. तरीच.

बाणकोटी

लाकूडकिडा यांच्याशी सहमत, त्यात मापं घेण्याबद्दल थोडी भर घालतो, मी किडे माउंट करायचं काम बरीच वर्षं केलंय.

आयपीसमधली पट्टी म्हणजे नुसते भाग असतात, मिलिमीटर नव्हे. स्टेज मायक्रोमीटर (काचपट्टीवर १ मिमीचे १०० भाग कोरलेले) खाली ठेवून प्रत्येक झूमला एक भाग म्हणजे किती ते काढून वहीत लिहा. झूमचं चाक हलतं फिरतं असेल तर कॅलिब्रेशन केलेल्या खुणेवरच ठेवून मोजा. त्या हजार एक्स लिहिलेल्या यूएसबी मायक्रोस्कोपच्या नादी लागू नका, लागलात तर पट्टीचा फोटो अगदी त्याच उंचीवरून घ्या. फोटोवरून मोजायला इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

डोक्याची रुंदी-लांबी मोजताना डोकं सपाट समोर हवं. समोरची क्लायपियसची (जबड्यांच्या वरच्या पाटीची) कड आणि मागची कड दोन्ही एकाच वेळी फोकसला आली पाहिजेत. मागची धूसर दिसतेय म्हणजे डोकं कललंय आणि लांबी कमी भरणार, इंडेक्स आपोआप वाढणार. प्लास्टिसिनवर टोचून फिरवत बसावं लागतं, मान दुखते, इलाज नाही. रुंदी डोळे धरून की सोडून हे पेपरागणिक वेगळं असतं, तुम्ही काय धरलंय ते टेबलाखाली लिहा. स्केप मोजताना बुडाशी सांध्यात जो छोटा गोळा असतो तो सोडायचा. वेबर्स लेंथ बाजूने, छातीच्या पुढच्या कडेपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी.

आणि प्रत्येक डोंगळा काढून, पुन्हा बसवून, दुसऱ्यांदा मोजा, आधीचे आकडे झाकून ठेवून. दोन वेळच्या मापांत जो फरक येतो तीच तुमच्या हाताची चूक. स्पिशीजमधला म्हणून दाखवलेला फरक त्याहून बराच मोठा नसेल तर तो फरकच नाही.

लेबल बाटलीच्या *आत*, पेन्सिलने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. पावसाळ्यात कोकणात सुके नमुने बुरशीने आठवड्यात पांढरे होतात, डब्यात नॅप्थलीन, सिलिका जेल दोन्ही ठेवा. पुढेमागे डीएनए करायचा विचार असेल तर दोन-चार ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा.

कातळफूल

बाप रे, एवढं सगळं! मनापासून थँक्यू सगळ्यांना. स्टेज मायक्रोमीटर डिपार्टमेंटच्या कपाटात निघाला, डब्यावर १९८० च्या आसपासची चिठ्ठी चिकटवलेली, कोणी उघडलाच नव्हता बहुतेक.

रात्री जाऊन काजूचे मायनर आणले, गडग्याचे मेजरही मिळाले (बाबा म्हणाले हिला वेड लागलंय). ग्राफ काढला. गडगा आणि काजू, दोन्हीचे ठिपके खरंच एका रेषेत गेलेत! १.६ मिमी रुंद डोक्याला स्केप ३.४ आणि ४.० रुंद डोक्याला ३.६, म्हणजे डोकं अडीच पट झालं तरी स्केप तेवढाच, बघून हसूच आलं. स्केप इंडेक्स काढला तर त्याच रेषेवर एका टोकाला २१२ आणि दुसऱ्या टोकाला ९०.

पण आता नवीनच प्रॉब्लेम. मध्येच एकदा खाली समुद्रावर सुरूच्या बनात गेले होते तिथूनही थोडे आणले होते, सहज म्हणून तेही ग्राफवर टाकले तर ते खाली पडतायत. २.४ रुंदीच्या डोक्याला गडगा आणि काजूवाल्यांचा स्केप ३.५ च्या आसपास, सुरूवाल्यांचा ३.१. दोनदा मोजल्याचा फरक माझा ०.०३ पेक्षा जास्त येत नाहीये. हे एकाच भोकातले आहेत सगळे. ही वेगळी स्पिशीज ना? आता तरी एलडीए लावू?

लाकूडकिडा

आता मजा आली. ०.४ चा फरक, हाताची चूक ०.०३, हा फरक खरा आहे. खरा आहे याचा अर्थ स्पिशीजचाच आहे असं मात्र लगेच नाही, कारण सुरूचं तुमच्याकडे एकच वारूळ आहे. एका वारुळातले वीस डोंगळे म्हणजे वीस पुरावे नव्हेत, त्या सगळ्या बहिणी, एक आई, एकच खाणं. पुरावा वारुळागणिक मोजायचा. त्या बनात दूरदूरची अजून चार-पाच वारुळं शोधा, प्रत्येकातून तिन्ही मापांचे थोडेथोडे घ्या. सगळी खालच्याच रेषेवर बसली आणि सड्यावरची सगळी वरच्या, तर बोलता येईल. त्याहून भारी म्हणजे दोन्ही प्रकारची वारुळं एकाच जागी शेजारी सापडणं, कारण मग माती-खाण्यामुळे फरक पडला ही शंकाच उरत नाही. नवीन वारुळातली पहिली पिढी फार बारकी असते, तसलं वारूळ लागलं तर वेगळी खूण करून ठेवा.

एलडीएबद्दल. त्याला तुम्ही आधीच सांगता की हे अ, हे ब, आणि तो काहीही करून अ आणि ब सुटे करून दाखवतो. मापं बारा आणि डोंगळे पंधरा असतील तर एका वारुळाचेसुद्धा दोन सुंदर ढग पाडून देईल. लावायचाच तर एकेक अख्खं वारूळ बाहेर ठेवून बाकीच्यांवर तयार करा आणि बाहेर ठेवलेलं बरोबर ओळखतो का बघा. त्याआधी पीसीए (गट आधी न सांगता मापांतला फरक दाखवणारी पद्धत) लावून बघा, ढग आपोआप सुटे होतात का.

हे सगळं उगाच किचकट करतोय असं वाटेल, पण मापांनी खरोखर लपलेल्या स्पिशीज निघालेल्या आहेत. युरोपातली अंगणातली काळी मुंगी लॅसियस नायजर, तिच्यातूनच लॅसियस प्लॅटिथोरॅक्स ही १९९१ मध्ये झायफर्ट या मुंग्यांच्या अभ्यासकाने वेगळी काढली, तोवर सगळे एकच समजत होते. टेट्रामोरियम कॅस्पिटम म्हणवल्या जाणाऱ्या गोतावळ्यात २०१७ मध्ये युरोपातच दहा स्पिशीज मांडल्या गेल्या, पण तिथे मापं, नरांचे अवयव, डीएनए सगळं एकत्र लावलं होतं.

आता आकडे ठेवा आणि सुरूवाल्यांचं पोट कडेच्या उजेडात बघा. झोपलेली बारीक लव दाट आहे का, राखाडी-सोनेरी झाक मारतेय का? तसं असेल तर कॅम्पोनोटस पॅरियसशी ताडून बघायला हवं. पायांच्या नळीला आतून काटेरी केसांची रांग आहे का तेही तिन्ही वारुळांत बघा. फोटो टाका, बाजूने आणि वरून.

कातळफूल

आत्ताच बघितलं. गडगा नि काजूचं पोट तपकिरी काळं, लव अगदी विरळ. सुरूवाल्यांचं टॉर्च तिरका धरला की चक्क सोनेरी दिसतंय, कसं काय आधी लक्षात आलं नाही देव जाणे, स्पिरिटमध्ये ओले असताना दिसतच नव्हतं. फोटो उद्या टाकते, आत्ता लाईट गेलीय.

बाणकोटी

ओले असताना कोणाचीच लव दिसत नाही, सुकवूनच बघायचं. मग मापं आणि लव दोन्ही एकाच बाजूला कौल देतायत, चांगलं लक्षण आहे.

लाकूडकिडा

छान. तरी प्रोजेक्टमध्ये आत्ताच नाव चिकटवू नका. गडगा आणि काजूला "कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस", सुरूवाल्यांना "कॅम्पोनोटस एसपी. २, पॅरियसच्या जवळची" असं लिहा, कमीपणा नाही त्यात, लोक पेपरमध्येही असंच लिहितात. २०१६ च्या यादीत भारतातल्या मुंग्यांची ८२८ नावं होती, आणि डोंगळ्यांचा जीनस त्यातला मोठ्यांपैकी. अँटवेब या मुंग्यांच्या साइटवर टाइप नमुन्यांचे (स्पिशीजला नाव देताना ठेवलेल्या मूळ नमुन्यांचे) फोटो स्केलबारसकट असतात, त्यावरून तुमची तीच मापं काढता येतील. आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, मॅडमकडून पत्र घेऊन नमुने दाखवायला घेऊन जा, प्रत्येक वारुळातला एक मेजर, एक मधला, एक मायनर, नीट माउंट केलेले. एक्स्टर्नलनी विचारलं की वेगळी कशावरून, तर इंडेक्सचं टेबल नका दाखवू, तो ग्राफ पुढे करा, २.४ वर बोट ठेवा.

पडवीवाला

माझ्या साखरेचं राहिलंच.